परळचा वाडा : गव्हर्नरांचा आणि आपला



राजवाडा म्हटलं की पुण्याचा शनिवारवाडा आठवतो, कोल्हापूरचा नवा राजवाडा आठवतो. चिंचपोकळीकरांना मात्र असा वाडा पाहायला गाव सोडावं लागत नाही. लालबाग ओलांडून परळला गेलं की आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेचं आवार लागतं. तिथली जुनी इमारत एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांचं निवासस्थान होती. तिथे राजा नांदला नाही, पण राज्य चालवणारे शंभरहून अधिक वर्षं राहिले. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला इंग्लंडचा युवराज १८७५ साली इथेच उतरला होता.

इमारतीचं मूळ पोर्तुगीज काळातलं आहे. इथे ख्रिस्ती पाद्र्यांचा मठ आणि प्रार्थनामंदिर होतं. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली. त्या वेळी पाद्र्यांनी सिद्दीला साथ दिली, असा ठपका ठेवून इंग्रजांनी ही मालमत्ता पुढे ताब्यात घेतली. १७१९ च्या सुमारास गव्हर्नर बून इथे हवापालटासाठी येऊ लागले. १७७१ मध्ये गव्हर्नर हॉर्न्बी यांनी कायमचा मुक्काम इथे हलवला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत दोन्ही बाजूंना नवे भाग जोडले गेले.

म्हणून ही वास्तू एकाच शिल्पकाराच्या मनातून उतरलेली नाही. शनिवारवाड्याचं तसं नव्हतं. तो बाजीरावांनी योजून उभारला, १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम गेलं. परळचा वाडा गरजेगरजेने वाढत गेला. जिथे प्रार्थना होत, त्याच जागी गव्हर्नरांनी मेजवानीचं आणि नाचाचं दालन केलं. ऐसपैस दालनं आणि उंच छतं ही कंपनी सरकारच्या थाटाची निशाणी होती.

गव्हर्नर इथे आले ते मोकळ्या हवेसाठी. पण शहर वाढलं, गिरण्यांच्या चिमण्या धूर ओकू लागल्या. सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर असताना त्यांच्या पत्नीचा पटकीने मृत्यू झाला. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडलं आणि मलबार पॉइंट गाठलं.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग उतरला. लोक गाठीच्या तापाने पटापट मरू लागले, गिरणगाव ओस पडू लागला. ज्या वाड्यात मेजवान्या झडल्या, तिथे प्लेगच्या रोग्यांच्या खाटा पडल्या. ओडेसात जन्मलेले डॉ. वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग त्याच महिन्यात इथून जवळच असलेल्या भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. १० ऑगस्ट १८९९ रोजी हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या वाड्यात सुरू झाली.

ही लस कशी होत असे, ते ऐका. काचेच्या चंबूंत मांसाचा रस घेत, त्यावर तुपाचे थेंब सोडत आणि त्यात प्लेगचे जंतू वाढवत. तुपाच्या थेंबांखाली जंतूंचे झुंबरासारखे घोस खाली लोंबू लागत. चंबूला धक्का बसला तर ते गळून पडत, म्हणून चंबू अगदी स्थिर ठेवावे लागत. पुरेशी वाढ झाली की उष्णता देऊन जंतू मारत आणि वर कार्बोलिक आम्ल घालत. १९२५ पर्यंत अडीच कोटींहून अधिक मात्रा मुंबईहून बाहेर गेल्या. त्याच वर्षी संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं.

श्रोतेहो, वाड्याचं मोठेपण तिथे कोण राहिलं यावरून ठरवायची आपली सवय आहे. माझं मत वेगळं आहे. तिथे कोणाचं भलं झालं, हे आधी पाहावं. या कसोटीवर परळच्या वाड्याच्या तोडीची वास्तू मुंबईत मला दुसरी दिसत नाही. आजाराच्या भीतीने सत्ताधीश जिथून निघून गेले, तिथेच चाळीतल्या माणसाला जगवणारं औषध तयार झालं.

तेव्हा एकच विनंती करतो. आपल्या मुलांना शनिवारवाडा जरूर दाखवा, पण त्याआधी परळचा हा वाडा दाखवा. गिरणगावाच्या इतिहासात त्याचं नाव गिरण्या आणि चाळींच्या बरोबरीने घ्या. ज्या वास्तूबद्दल लोक आस्थेने विचारतात, तीच टिकते.