पाळकसाहेबांची बदली आणि आपली मुलं



बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज यांवरच बोलतो. पण मागच्या महिन्यात एक ताई वही मिटून म्हणाली, "आमच्या पाळकसाहेबांची बदली झाली, तेव्हापासून पोरगा चर्चला यायचंच नाही म्हणतो. ओढून नेऊ का?" तिला सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते. कारण हे आमच्याही घरात घडलंय, आणि तेव्हा चूक माझी होती.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी उपासनेनंतर जाहीर झालं, की नऊ वर्षं असलेले पाळकसाहेब दोन महिन्यांनी जाणार. माझी थोरली तेव्हा चौदाची. तिचा दृढीकरणाचा वर्ग अर्ध्यावर आलेला. घरी येऊन म्हणाली, "आता आमचा वर्ग कोण घेणार?" मी भाकरी थापत होते. म्हटलं, "बदल्या व्हायच्याच. तुला काय करायचंय?" पुढचे तीन रविवार तिचं पोट दुखत होतं. चौथ्या रविवारी मी घरीच थांबले, तेव्हा ती रडली. "पप्पा दवाखान्यात होते तेव्हा साहेब रोज यायचे. तुम्ही निरोपाच्या जेवणाची वर्गणी ठरवली, आम्हाला कुणी विचारलं पण नाही."

मला लाज वाटली. गटाची अध्यक्ष बदलली तर आपण काय करतो? बैठक घेतो, शिल्लक किती, येणं किती, सगळ्यांसमोर वाचतो, ठराव करून बँकेतल्या सह्या बदलतो. पैशांचा हिशेब नीट सोपवतो, आणि मुलांच्या मनाचा? तो तसाच सोडून देतो.

मग आम्ही चार आयांनी पाळकसाहेबांना विनंती केली. एक संध्याकाळ ते फक्त मुलांबरोबर बसले. बदली धर्मप्रांताकडून होते, ते रागावून चाललेले नाहीत, हे मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकलं. मुलांनी वहीत लिहिलं : नाताळच्या गाण्यांची फेरी, लहानांची शब्बाथ शाळा, शनिवारचा गाण्याचा सराव. काय चालू राहावं, काय बदललं तरी चालेल. ती वही त्यांनी स्वतः नव्या पाळकांच्या हातात दिली. सगळं मनासारखं झालं नाही. सरावाची वेळ बदलली, एक मुलगा अजूनही येत नाही. पण बाकीची आली, आणि माझ्या मुलीचं दृढीकरण नव्या पाळकांच्या हातून झालं.

म्हणून सांगते, बातमी मुलांना बाहेरून कळू देऊ नका. घरी नव्या-जुन्या पाळकांची तुलना करू नका. मोठ्यांचे दोन गट पडले, तर मुलांना त्यात ओढू नका, त्यांच्या मैत्रिणी दोन्हीकडे असतात. त्यांच्याकडे काहीतरी काम द्या. आणि घाई करू नका. रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली. एकाच घरातल्या दोन माणसांत पाच वर्षांचं अंतर पडलं, मग आपल्या पोरांना पाच महिने द्यायला काय हरकत आहे?

मात्र जेवण, झोप, अभ्यास दोन-तीन आठवडे बिघडलेलाच राहिला, तर तो नुसता रुसवा समजू नका. टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

माझ्या सासूबाई सोळा वर्षांच्या होत्या, तेव्हा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सी.एन.आय., झालं. त्या सांगतात, "मला वाटलं, आपलं चर्च गेलं. वडिलांनी समजावलं नाही, रागावलेही नाहीत. रविवारी नेहमीच्या बाकावर शेजारी बसवलं आणि नेहमीचं गाणं म्हणायला लागले."

त्या ताईला मी एवढंच म्हटलं, ओढून नेऊ नका. शेजारची जागा मात्र त्याच्यासाठी मोकळी ठेवा.

जय ख्रिस्त.