मोटार आपली, कुलूप कोणाचें?



वसई-विरारच्या मनुष्याला वर्गणीचें भय नाहीं. १९३६ सालीं विजेची आगगाडी विरारपर्यंत आली. तेव्हांपासून आमच्या पिढ्यान् पिढ्या खिशांत पास बाळगून मुंबईस जात आल्या आहेत. माझ्या लहानपणीं घरांत रेडिओ असेल तर त्याचा परवानाहि पोस्टांत पैसे भरून दरवर्षीं नवा करावा लागे. या दोन्ही वर्गण्यांचा अर्थ मात्र स्पष्ट होता. आगगाडी रेल्वेची, आम्ही केवळ प्रवासी. रेडिओ आमचा, पैसे तो ऐकण्याच्या परवानगीचे. आज विजेच्या मोटारींबरोबर वर्गणीचा एक तिसराच प्रकार घरांत आला आहे. त्याविषयीं दोन शब्द सांगण्याचें मी योजिलें आहे.

विरारला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तीन वर्षांपूर्वीं विजेची मोटार घेतली. विक्रेत्यानें तिच्यांतील मोठा पडदा कौतुकानें दाखविला. त्यावर नकाशा होता, गाणीं होतीं; शिवाय विजेचा सांठा किती झाला, तें घरबसल्या मोबाईलवर कळत असे. एके दिवशीं पडद्यावर अक्षरें उमटलीं, ‘मुदत संपली, वर्गणी भरा.’ तो मला म्हणाला, “सर, कर्जाचे हप्ते अजून मीच फेडतों आहें. मग गाडी माझी कीं त्यांची?” विद्यार्थ्यांच्या शंका फेडण्यांत माझें आयुष्य गेलें, परंतु या शंकेला मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं.

विचार करतां असें दिसलें कीं, येथें दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. अशा मोटारींत एक लहानसें सिमकार्ड बसविलेलें असतें. त्याच्या द्वारें ती कंपनीच्या दूरच्या संगणकाशीं बोलते, व आपला मोबाईलहि त्याच संगणकाकडून वार्ता घेतो. टाटांची विजेची नेक्सॉन २०२० सालीं बाजारांत आली, तेव्हांच तिच्यांत अशी जोडणी होती. सिमकार्डाचें भाडें, संगणकाचा खर्च, नव्या रस्त्यांचे नकाशे, हा खर्च सतत चालूच राहतो. त्याची वाजवी वर्गणी मागण्यांत अन्याय नाहीं. हा आपल्या पासाचाच प्रकार होय.

परंतु जी वस्तु गाडींत आधींच बसविलेली आहे, तिला सॉफ्टवेअरचें कुलूप घालून किल्लीचें भाडें मागणें, ही गोष्ट निराळी. बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीनें २०२२ सालीं कांहीं देशांत आसनें ऊन करण्याची सोय मासिक वर्गणीनें देऊं केली. सामग्री आसनांत होतीच; उघडावयाचें होतें तें कुलूप. लोकांचा रोष झाला, व २०२३ सालीं कंपनीनें तो बेत सोडला. आपल्याकडे एखाद्यानें बावखलासकट वाडी विकली, आणि मागाहून पाण्यासाठीं दर महिन्यास पैसे मागितले, तर गांवचे पंच काय म्हणतील?

आणखी एक धोका आहे. गाडी टिकते, पण सेवा टिकेलच असें नाहीं. इंग्लंडांत निस्सान कंपनीनें २०२४ च्या एप्रिलांत लीफ नांवाच्या आपल्या जुन्या विजेच्या मोटारींची मोबाईलवरील सोय बंद केली. कारण ज्या जुन्या टूजी जाळ्यावर ती अवलंबून होती, तेंच मावळूं लागलें होतें. मोटारी धांवत राहिल्या. पण थंडींत निघण्यापूर्वीं घरांतून गाडी ऊन करण्याची मोबाईलवरील सोय गेली.

उघड सांगून घेतलेल्या भाड्याला माझा आक्षेप नाहीं. २०२४ सालीं एमजी विंडसर ही मोटार आली, तेव्हां बॅटरी विकत न घेतल्यास तिचें भाडें किलोमीटरला साडेतीन रुपये, असें आरंभींच जाहीर झालें होतें. ज्याला पटेल त्यानें घ्यावें. दोष लपविण्यांत आहे. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२३ मध्यें काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला वर्गणींत अडकविणें व किंमत थोडीथोडी करून उघड करणें, हे दोन्ही प्रकार निषिद्ध मानले आहेत. तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा दूरध्वनि आहे.

म्हणून मोटार घेण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे व उत्तरें लेखी घ्यावीं. कोणत्या सोयी विनामूल्य, व किती वर्षें? पुढें दर काय? वर्गणी न भरल्यास नेमकें काय बंद पडेल? आणि गाडी विकल्यास नव्या मालकाला काय मिळेल?

माझ्या विद्यार्थ्यानें अखेर वर्गणी भरली. न भरावी, तर गाडींत वीज पुरी भरली कीं नाहीं, तें पाहण्यास रात्रीं चौथ्या मजल्यावरून खालीं उतरावें लागे. मीं त्याला एवढेंच सांगितलें, “गाडी तुझीच आहे. पण तिच्यांतील कांहीं सोयी तूं भाड्यानें घेतल्या होत्यास, आणि तें तुला कोणीं सांगितलें नाहीं.” तुम्हांवर तरी ही पाळी न येवो, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.