नळी आधी रिकामी, मग साफ

(छात्रसैनिक आणि पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



मुलाने एन.सी.सी.त नाव घातले की आईचा पहिला प्रश्न येतो, "सर, त्याच्या हातात बंदूक देणार का?" ही भीती खोटी नाही. गोळीबाराच्या मैदानावर सगळेच सावध असतात. "रिकामीच आहे" असे म्हणून साफ करायला घेतलेली बंदूक मात्र घात करते.

म्हणून फडके आणि तेल नंतर. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर. आधी मॅगझिन काढावे, मगच बोल्ट मागे ओढावा. हा क्रम उलटला तर एक गोळी बाहेर पडते आणि बोल्ट पुढे ढकलताच मॅगझिनमधली दुसरी आत जाऊन बसते. त्यानंतर गोळी बसण्याची जागा डोळ्यांनी पाहावी आणि करंगळीने चाचपावी. काडतुसे त्या खोलीतच नकोत. मित्र म्हणाला, "मी पाहिले आहे", तरी आपण पुन्हा पाहावे. त्यात त्याचा अपमान नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक ज्यांच्या घरी आहे, त्यांनाही माझी हीच विनंती आहे.

आता नळी. रायफलची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात मळसूत्रासारख्या पिळदार खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून गोळी सरळ जाते. आपल्याकडे इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या .303 रायफलच्या नळीचे छिद्र अवघे 7.7 मिलिमीटर, आणि छात्रसैनिकांच्या .22 चे तर 5.6 मिलिमीटर. एवढ्याशा वाटेत लोखंडी तार किंवा छत्रीची काडी घालणे म्हणजे खाचा खरवडून काढणे होय.

.303 साठी पुलथ्रू असतो: एका टोकाला पितळी वजन, मग दोरी, दुसऱ्या टोकाला तीन फासे. वजनाजवळच्या फाशात तारेची जाळी, मधल्यात चार इंच लांब व दोन इंच रुंद चिंधी. तेलाची चिंधी थोडी लहान. तिसरा फासा अडकलेली दोरी उलटी ओढून काढण्यासाठी. वजन बोल्टच्या बाजूने सोडावे आणि दोरी तोंडाकडून एका दमात, अगदी सरळ ओढावी. तिरकी ओढली तर विहिरीच्या काठाला पोहऱ्याच्या दोराने घळ पडते तशी नळीच्या तोंडाला पडते, आणि मग कितीही नेम धरा, गोळी भलतीकडेच जाते. .22 साठी सळई वापरतात. तीही शक्यतो मागूनच घालावी.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. जुन्या .303 काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की नळीत पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरे. मिठासारखाच तो हवेतले पाणी ओढतो. तेलात तो विरघळत नाही. म्हणून नुसते तेल लावलेली नळी तेलाखालीच गंजे. उपाय साधा: नळीतून उकळते पाणी ओतायचे. क्षार विरघळतो, आणि तापलेली नळी लवकर वाळते. मग कोरडी चिंधी, शेवटी तेल.

माझीच एक चूक सांगतो. मी छात्रसैनिक होतो. रमजान होता, रोजा होता, मगरिबची घाई होती. एकदाच ओढून काम भागावे म्हणून मी चिंधी दुप्पट जाड घातली. ती अडकली, मी हिसडा दिला, दोरी बाहेर आली. फासा मी पाहिला नाही, नळीतूनही पाहिले नाही.

सकाळी मैदानावर तेल पुसण्याआधी उस्तादांनी बोल्ट काढला, नळीच्या तोंडापुढे पांढरा कागद धरायला लावला आणि मागून पाहिले. मग मला बोलावले. चकचकीत गोल वलये दिसायला हवीत, तिथे अर्धाच चंद्र दिसत होता. चिंधीचा तुकडा आत राहिला होता. अशा नळीतून गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते, आणि झाडणाऱ्याचा गाल तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी रायफल बाजूला ठेवली आणि मला रांगेच्या मागे बसवले. त्या दिवशी मी गोळी झाडली नाही.