सेवेची मोजदाद

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण आपल्या देशात १९३६ साली सुरू झाले. त्या वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने विद्यालय निघाले. तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. अशा विद्यालयातील विद्यार्थ्यास वस्तीत किंवा रुग्णालयात प्रत्यक्ष कार्य करावे लागते आणि वर्गात संशोधनपद्धती शिकावी लागते. पहिल्याविषयी त्याला उत्साह असतो, दुसऱ्याचा बहुधा कंटाळा. आपण माणसांचे अश्रू पुसावयास आलो, आकडेमोड करावयास नव्हे, असे त्याला वाटते. ही भावना उदात्त आहे. पण ती किती फसवी ठरू शकते, हे अमेरिकेतील एका प्रयोगाने दाखवून दिले आहे.

बोस्टनचे डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली आपल्या रुग्णालयात समाजसेविकांना स्थान दिले होते. सेवेचे फळ मोजले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्याच प्रेरणेने केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन गावांत, उनाडकीकडे वळू शकतील अशा मुलांसाठी १९३९ मध्ये कार्य सुरू झाले. वय, घरची स्थिती, स्वभाव पाहून सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतील कोणास साहाय्य द्यावयाचे ते नाणे उडवून ठरविले. निवडलेल्या मुलांकडे समुपदेशक महिन्यातून सरासरी दोनदा जात. अभ्यासात मदत, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे, सारे काही सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ चालले. १९४५ मध्ये कार्य थांबले. अखेरपर्यंत राहिलेली मुले ५०६, म्हणजे २५३ जोड्या.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या विदुषीने त्या मुलांचा, आता प्रौढ पुरुषांचा, शोध घेतला. साहाय्य मिळालेल्यांपैकी उत्तर देणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी त्या कार्याचा आपणांस उपयोग झाला असे सांगितले. कोणत्याही संस्थेने एवढ्यावरच आनंदाने वार्षिक अहवाल छापला असता! पण १९७८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराळा होता. गुन्हे कमी झाले नव्हते. उलट पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्ती, मानसिक विकाराची लक्षणे यांत साहाय्य मिळालेला गटच अधिक वाईट ठरला. पुढील विश्लेषणात, वारंवार शिबिरांस गेलेल्यांत ही हानी विशेष दिसली. उनाड मुले एकत्र आल्याने एकमेकांस बिघडवीत असावीत, असा तर्क त्यावरून निघाला. दुसरा गट नसता तर हे कधीच कळले नसते. कृतज्ञता खरी होती, पण ती पुरावा नव्हती.

आम्हा सरकारी माणसांच्या अहवालांत ‘लाभार्थी’ नावाचा एक रकाना असतो. त्यात भेटी, शिबिरे आणि डोकी भरली जातात. लाभ झाला की नाही, हे नाव देतानाच ठरून गेलेले असते.

विद्यार्थ्यास प्रारंभी मोठा प्रयोग करावयाचा नसतो. समजा, एक मूल शाळा बुडवते. त्याच्या घरी जाण्यापूर्वीच्या सहा आठवड्यांची हजेरी त्याने शाळेच्या हजेरीपटावरून उतरून घ्यावी आणि कार्य चालू असताना त्याच पटावरून पुढील हजेरी टिपावी. ही आधाररेषा आधीच हवी. मागाहून आठवणीने ती काढू गेल्यास ती आपल्या इच्छेप्रमाणे वाकते. हजेरी वाढली तरी श्रेय लगेच घेऊ नये. मधल्या काळात पित्यास काम लागले असेल, किंवा शेतीचा हंगाम संपला असेल. अशा नोंदी अनेक मुलांच्या जमल्या म्हणजे काही बोलता येते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो क्षुल्लक नाही: तुलनेसाठी काहींना मदतीपासून वंचित ठेवणे निष्ठुरपणाचे नव्हे काय? मदत हाती असून नाकारणे निष्ठुरपणाचेच. परंतु कार्यकर्ता एक आणि दारी चाळीस कुटुंबे असतील, तर काहींना थांबावेच लागते. आज ती निवड ओळखीने किंवा आधी येण्याने होते. ती चिठ्ठी टाकून केली आणि थांबलेल्यांची नोंद ठेवून त्यांना पुढील वर्षी घेतले, तर थांबणारी कुटुंबे आजच्याहून अधिक होत नाहीत.