आजीला बाजेवरून उठू द्या

(आकाशवाणीवरील भाषण. वक्ते धानोरा, जि. नंदुरबार येथे विज्ञान शिकवतात.)

विषय मिळालाय ‘वजनरहित अवस्था आणि आपली ज्ञानेंद्रिये’. मिनिटं मोजकी आहेत, म्हणून गुरुत्वाकर्षण म्हणजे काय इथून सुरुवात करत नाही. ते शाळेत झालंय.

शुभांशू शुक्लांचं तुम्ही ऐकलंच असेल. आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेला हा वैमानिक. २५ जून २०२५ ला अंतराळात गेला, १५ जुलैला परतला. परतल्यावर पलंगावर काम करता करता लॅपटॉप मिटला आणि बाजूला हवेतच सोडून दिला. तरंगेल म्हणून! खाली गालिचा होता म्हणून निभावलं. तीन आठवडेही नाहीत झाले, तर मेंदूची सवय इतकी बदलली.

आता सगळ्यांना काही वर पाठवता येत नाही. मग जमिनीवरच नक्कल करतात. कशी? बाजेवर झोपवून! पायथा उचलायचा, डोकं सहा अंश खाली. सहा फुटांच्या बाजेला साडेसात इंच. घरी करून बघू नका हं. ही युक्ती रशियनांची. अंतराळातून आलेल्यांना सपाट पलंगावर पायाकडे घसरल्यासारखं वाटायचं, पायथा उचलला की बरं वाटायचं. जर्मनीत कोलोनला २०१९ साली चोवीस जणांना, दोन तुकड्यांत, असं साठ-साठ दिवस ठेवलं. उशी नाही. जेवण, अंघोळ, सगळं आडव्यानेच.

त्यांचं काय झालं, ते आपल्या चुलीवरून सांगतो. तीन दगडांची चूल असते ना, तशी आपल्या तोलाची तीन दगडांवर मांडणी आहे. एक दगड डोळा. दुसरा कान, आतल्या कानात खरोखरच चुन्याचे बारीक खडे असतात, ते वजनाने सरकतात आणि खाली कुठे ते सांगतात. तिसरा पायाचा तळवा. अंतराळात कानाचा दगड ढिला होतो, तळव्याचा निघूनच जातो, आणि सगळं भांडं डोळ्यावर रेलतं. बाजेवर मात्र कानाचा दगड जागेवर असतो, कारण वजन कुठे गेलंय? तळव्याचा तेवढा निघतो. आणि डोळ्याचा? पायांकडचं रक्त-पाणी डोक्याकडे सरकतं, तेव्हा तो दगडही धड राहत नाही. कोलोनच्या काही जणांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला, मज्जातंतू शिरतो तिथे, सूज आली. ज्यांना रोज अर्धा तास गरगर फिरवून कृत्रिम वजन दिलं, त्यांचीही ती टळली नाही. अंतराळात महिनोन् महिने राहिलेल्यांत तर डोळ्याचा गोळा मागून चपटा झालेला, जवळचं वाचायला चष्मा लागलेला, हे २०११ पासून छापून आलेलं आहे.

हे सगळं धडधाकट, निवडून घेतलेल्या माणसांचं, बरं का. आता आपल्या घरात या. आजी जरा धडपडली की सूनबाई म्हणते, ‘पडून राहा, मी आणते सगळं.’ मुलगा म्हणतो, ‘उठू नको.’ माया आहे, मान्य. पण आजीची बाज सपाट असली तरी तळव्याचा दगड तुम्ही रोज काढून घेताय! मग पंधरवड्याने ती उठते, हेलपाटते, आणि तुम्ही म्हणता डोळे गेले, नंबर काढून आणू. अहो, नंबर काढा, पण पायही बघा. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का, विचारा. जात असेल तर भांडं एकट्या डोळ्यावर उभं आहे. साखरेचा आजार असेल, तळवे बधिर असतील, तर जास्तच. अशी माणसं रात्री अंधारात उठली की पडतात, कारण अंधारात डोळ्याचाही दगड जातो. वाटेत दिवा ठेवा.

एक मात्र सांगतो: डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती वेगळी, लाडाची विश्रांती वेगळी. डॉक्टर हो म्हणाले की बाजेच्या कडेला बसवा, पाय खाली टेकवा, धरून उभं करा. तळव्याला भुई लागू द्या.

तळव्याचं महत्त्व किती, ते बघा. वजनरहित अवस्थेची नक्कल करायची मॉस्कोत दुसरी तऱ्हा आहे. पाण्याच्या हौदावर पाणी न शिरणारं कापड अंथरतात, त्यात माणूस. कोरडा राहतो, पण टेकायला कुठे काही नाही. पायाचे स्नायू बघता बघता सैलावतात. तिथे तळव्यांवर दाब देणारे बूट घातले, तर स्नायू टिकले. नुसत्या दाबाने! तसे बूट पुढे पक्षाघाताच्या रुग्णांसाठीही वापरले गेले. त्याचं कारण मोठं गमतीचं आहे, तळव्याकडून मेंदूकडे जो…

काचेपलीकडून हात दाखवताहेत. वेळ संपली. शुक्लांनी तिकडे संगणकाच्या पडद्याकडे बघताना डोळे कसे हलतात याचाही प्रयोग केला, तो राहिला. मोबाईलवाल्या पोरांना त्यावरून चार शब्द सुनवायचे होते. पुन्हा बोलावलं तर सुनवीन. तोवर आजीला उठवा.