गच्चीवरचे विमान आणि भीतीने ओढणारा हात
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मध्यंतरी आठवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, घरी विमान बांधले तर उडेल का?" सारा वर्ग हसला. मी हसलो नाही. आपल्या मांडव्याहून लाँचने जिथे जातो त्या मुंबईतच हे घडले आहे. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 साली 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, 2017 साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली व 2019 साली उड्डाणाची परवानगी मिळाली.

एवढी तपासणी कशासाठी? ऐका. पंखावरून हवा नीट वाहते तोवरच पंख विमानाला उचलून धरतो. वैमानिक दांडी मागे ओढून नाक वर करतो, तसा पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन वाढतो. तो साधारण 15 अंशांपलीकडे गेला की हवा पंखाला सोडते आणि विमान खचते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणे म्हणजे स्टॉल नव्हे; इंजिन धडधडत असतानाही तो होतो. वळणावर धोका अधिक. सरळ उडताना ताशी 80 किलोमीटरला स्टॉल होणारे विमान, उंची राखून 60 अंश कलून वळताना ताशी सुमारे 113 किलोमीटरलाच स्टॉल होते. त्यात एक पंख दुसऱ्याआधी खचला, तर विमान भोवऱ्यासारखे गरगरत खाली येते. तो स्पिन.

कारखान्यात एका नमुन्याची कसून चाचणी होते, मग तशीच शेकडो विमाने निघतात. घरी बांधलेले प्रत्येक विमान मात्र स्वतःच पहिला नमुना असते. एका पंखाला किंचित पीळ राहिला, शेपटीकडे थोडे वजन वाढून गुरुत्वमध्य मागे सरकला, की त्याचा स्वभाव बदलतो. स्पिनमधून ते बाहेर येईलच असे नाही. म्हणून आधी काटेकोर वजन करायचे आणि स्टॉलची चाचणी भरपूर उंचीवरच घ्यायची.

नवव्या शतकात कॉर्डोव्याचे विद्वान अब्बास इब्न फिर्नास पंख लावून उडाले, पण उतरताना जखमी झाले. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो आणि त्यांनी शेपटीच लावली नव्हती, असे इतिहासकार अल-मक्करी लिहितो. धाडस होते, एक गोष्ट ठाऊक नव्हती. 25 ऑगस्ट 1912 रोजी इंग्लंडमध्ये लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क स्पिनमध्ये सापडले. दांडी ओढून उपयोग होईना. अखेर त्यांनी रडर, म्हणजे शेपटीचे उभे सुकाणू, फिरकीच्या उलट दिशेला वळवले आणि जमीन अवघी 50 फुटांवर असताना विमान सावरले. आज बहुतेक लहान विमानांसाठी शिकवला जाणारा क्रम असा: इंजिनाचा जोर कमी, पंखांची सुकाणी मध्यावर, रडर उलट, मग दांडी पुढे.

पडताना भ्यालेला हात दांडी मागेच ओढतो, आणि तेच घात करते. जमीन समोर दिसत असता दांडी पुढे ढकलायला शिकलेले मन लागते.

पालकांनो, मुलाने असा प्रश्न विचारला तर हसू नका. त्याला गणित आणि विज्ञान घेऊ द्या. आणि मुलांनो, गच्चीवर स्वप्न जरूर बांधा. पण उडण्याआधी ते कसे पडते, हे शिकून घ्या.