‘वजन कमी कर’ हे कुणाला सांगायचं?

(वाराणसी येथे मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर. घरच्यांचे दवाखान्याचे रिपोर्ट आपल्यालाच वाचावे लागतात. म्हणून आज मधुमेहाबद्दल बोलते, तेही आदिवासी किशोरवयीन मुलांच्या.

‘शुगर’ म्हटलं की आपल्याला पोट सुटलेला, खुर्चीत बसणारा माणूस दिसतो. पण काही आदिवासी मुलं हाडकुळी असतात आणि तरी त्यांना मधुमेह होतो. टाइप १ मध्ये शरीरच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतं. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा एक प्रकार लहानपणापासूनच्या कुपोषणातून येतो. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९८५ मध्ये वेगळा मानला आणि १९९९ मध्ये यादीतून काढला. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधनाचा त्यात मोठा वाटा आहे. भुकेल्यांचा आजार पंचवीस वर्षं यादीबाहेर राहिला, याला मी निव्वळ योगायोग म्हणणार नाही.

अशा मुलाला ‘वजन कमी कर, कमी खा’ सांगणं घातक आहे. त्याला जास्त प्रथिनं लागतात, आणि इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त दिलं तर साखर धोकादायक खाली जाते.

आता मनाचं. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत मला एक मुलगी भेटली. ती इंजेक्शन संडासात जाऊन घ्यायची. मुली म्हणायच्या, हिला लागण होईल. वर्गात ग्लानी आली की सर म्हणायचे, ‘तुम्ही लोक आळशीच.’ हे ‘तुम्ही लोक’ आपल्या ओळखीचं आहे ना? साखर घसरल्याची खूण जातीच्या शिक्क्याखाली झाकली गेली. तिने मला विचारलं, ‘ताई, माझं लग्न होईल का?’ जेवणाचं तिने काही विचारलं नाही. ताटात जे पडेल ते खायचं, त्यात निवड कुठली? मग ‘जीवनशैली बदला’ हा सल्ला नेमका कुणासाठी? बदलायचा तर आश्रमशाळेचा भटारखाना बदला: भातासोबत डाळ घट्ट हवी, अंडी नियमित हवीत.

सरकारची मधुमेह तपासणी मोहीम तिशीपुढच्यांसाठी आहे. सोळा वर्षांची मुलगी त्यात बसत नाही. प्रत्येक आश्रमशाळेत ग्लुकोमीटर हवा, अधीक्षिकेला साखर घसरल्याची लक्षणं माहीत हवीत: घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ. मूल शुद्धीत असेल तर लगेच साखरेचं पाणी द्यायचं. फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली कोरड्या डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवता येते. मन खचलं तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे. पण घरी पावरी बोलणारी मुलगी अशी गोष्ट परक्या माणसाला प्रमाण मराठीत कशी सांगणार?

इथून सोनभद्र जवळ आहे. गोंड, खरवार मुलं तिथेही आहेत. तुमच्यापैकी कुणी तिकडचं असेल तर बोला, हिंदीत बोललात तरी चालेल.